मुक्काम कडुलिंब

माझ्या टेबलावर आलेला त्यांचा पहिला अर्ज मी दोनदा वाचला आणि मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. विषय होता, 'गळा आवळल्याबाबत'. त्याखाली पत्ता : 'मुक्काम कडुलिंब, सरकारी दवाखान्याकडे जाताना डाव्या हाताचा तिसरा, झेरॉक्सच्या दुकानासमोर.' त्याखाली आमच्या गावाचा पिनकोड, सहाच्या सहा आकडे, वेगवेगळ्या चौकटींत. पुढे मजकूर सुरू होत होता : 'वरील पत्त्यावरील झाडाच्या बुंध्याला सिमेंट रस्त्याच्या कामात चारी बाजूंनी काँक्रीट भिडवले आहे. वाढायला बोटभर जागा नाही. पाणी आत जात नाही. तरी साहेबांनी गळा मोकळा करावा, किंवा मला करू द्यावा. हत्यार माझे.' सही, दे. ना. भगत, सेवानिवृत्त पोस्टमन.

मी पालिकेत नवीनच लागले होते आणि मला झाडांचं टेबल मिळालं होतं. ते कुणालाच नको असायचं. येणारे अर्ज सगळे एका वळणाचे. फांदी वायरला लागते, तोडा. पानांचा कचरा होतो, तोडा. दुकानाचा बोर्ड झाकला जातो, तोडा. झाडाच्या बाजूनं कुणी अर्ज केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी अर्जदार स्वतः खिडकीशी उभे. उंच, काटक माणूस. खाकी पँट नोकरीतलीच, वर पांढरा शर्ट, डोक्याला दुपट्टा. तो सोडला तेव्हा दिसलं की कपाळावर उन्हानं पाडलेली आडवी रेघ आहे. रेघेच्या वरचा माणूस वेगळ्या रंगाचा, खालचा वेगळ्या.

"ताई, अर्ज भेटला?"

"भेटला काका. पण झाडाला पिनकोड कशाला?"

"मंग? पत्ता अर्धा लिवला तं पत्र कुठं जाते?" ते हसले नाहीत. "तुमचा मानूस जाईन, त्याले दुसरंच झाड दिसन, अन् म्हनन का सारं ठीक हाय. मी पत्ते वाटण्यात जिंदगी काढली ताई. काम बिघडते थे पत्त्यापाशीच बिघडते."

त्यांच्या शर्टाच्या खिशाला एक गोल फुगवटा होता. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी तो काढून दाखवला. कांदा होता. आमच्याकडे उन्हात निघताना कांदा जवळ ठेवतात, त्यात नवल नाही. नवल हे, की जाताना त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "दोन वाजता जेवाले घरी जासान ना? असू द्या. माह्याजवळ दुसरा हाय."

भगतकाकांनी तीस वर्षांवर टपाल वाटलं, सगळं सायकलवर. बस स्टँड, दवाखाना, नेर नाका आणि मधल्या गल्ल्या, हा त्यांचा भाग. या भागात सावली कोणत्या वेळी कुठे पडते हे त्यांना पाठ होतं. सकाळी ते रस्त्याच्या एका अंगाची घरं करायचे, दुपारनंतर दुसऱ्या. नोकरीच्या बोलावण्याची वाट पाहणाऱ्या एका पोरीनं एकदा विचारलं म्हणे, काका, समोरच्या घरी टपाल दहाला येतं, आमच्याकडे तीनला कसं? काका म्हणाले, "बाई, तुह्या घरापुढची सावली तीनले येते. मी सावलीसंगं येतो."

ही गंमत ते स्वतःच सांगायचे. पण तिच्यामागची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. नोकरीला दोनेक वर्षं उरली होती. मे महिना, एक वाजलेला. बस स्टँडपासून दवाखान्यापर्यंत तेव्हा रस्ता नुकताच रुंद झाला होता आणि दुतर्फा बहुतेक झाडी गेली होती. काका सायकल हातात धरून चालत होते, तेवढंच आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम पाण्याचं. भाजीवर मारायचं पाणी कुणी तरी त्यांच्या तोंडावर मारत होतं.

त्या लीलाबाई. दवाखान्याजवळच्या एका कडुलिंबाखाली पोतं अंथरून पालक, आंबटचुका, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायच्या. काकांना रस्त्यावर कोसळताना त्यांनी पाहिलं, आणि गिऱ्हाईक तसंच सोडून, बगलेत हात घालून त्यांना ओढत झाडाखाली आणलं. काकांचा देह उंच, लीलाबाई जेमतेम त्यांच्या खांद्याला. "टाचा घासल्या माह्या," काका सांगायचे, "डांबर असं तापलं होतं का चपलीचा पट्टा पघळला. पन बाईनं सोडलं नाही. सावली थोडी इकडं असती तं इतकं ओढा लागलं नसतं. अन् थोडी तिकडं असती, तं ओढून उपेगच नसता झाला."

कपाळावर ओला पालक ठेवून लीलाबाईंनी त्यांना चार वाजेपर्यंत उठू दिलं नाही. उठल्यावर काकांनी पहिल्यांदा त्या रस्त्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. खेड्यावरून एसटीनं आलेली माणसं त्या रस्त्यानं चालत दवाखान्यात जात होती. बाळंतीण, तिच्या डोक्यावर पदर धरणारी तिची आई, एक्स-रेचं पाकीट टोपीसारखं डोक्यावर घेतलेला म्हातारा. "ताई, आजारी मानूसच तिथून जाते. धडधाकट मानूस ऑटोत बसते."

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी छन्नी आणि हातोडी विकत आणली.

त्यांच्या त्या पहिल्या अर्जावर मुख्याधिकारी साहेबांनी हसून सही केली. हत्यार अर्जदाराचं, मजुरी अर्जदाराची, पालिकेचं जातं काय? रोज सकाळी सहाला भगतकाका रस्त्यावर उकिडवे बसलेले दिसू लागले. एका झाडाचं काँक्रीट फोडायला चार दिवस लागायचे. बुंध्याला हातोडी लागू नये म्हणून ते खोडाभोवती जुन्या टपाल-थैलीचं कापड गुंडाळायचे. येणारेजाणारे विचारायचे, काय हरवलं काका? ते वर न बघता म्हणायचे, "जमीन."

झाडप्रेमी म्हणून जी प्रतिमा डोळ्यांपुढे येते, तिच्यात मात्र ते बसत नव्हते. झाडाला मिठी वगैरे मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पावसाळ्यात होणाऱ्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना ते येत नसत. एप्रिलमध्ये येऊन साहेबांना म्हणत, "आता घ्या कार्यक्रम. आता बलवा पाहुन्यायले, एक एक बादली घेऊन." त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. समोरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, अंगणात एक शेवगा आणि सुकलेल्या चार कुंड्या. काकू चहा देताना म्हणाल्या, "गावभरच्या झाडायचा घोर हाय यायले. घरच्या कुंड्या कधी वाळल्या थे मालूम नाही." शेजारचा कुणी तरी तिथे बसला होता, तो चिडवायला म्हणाला, "भगत, तुमच्या लोकायनं तं पिंपळ लावला पायजे दारात." काकांनी बशी खाली ठेवली. "भगवंत रानात बसले होते पिंपळाखाली. नळाच्या पाइपावर नाही बसले. पिंपळ मैदानात लावा. दारात लावसान तं बुद्धी येवाच्या आधी भिंत येईन आंगावर."

हार्डवेअरवाल्या शेठजींची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. त्यांच्या दुकानापुढच्या करंजीच्या झाडानं दुकानाचा बोर्ड झाकला जायचा. तोडायचे तीन अर्ज मी परत पाठवले होते. मग दुकानातला नोकर रोज फरशी पुसलेलं फिनाइलचं पाणी नेमकं तिच्या बुंध्यात ओतायला लागला. करंजी एका बाजूनं वाळायला लागली. मी म्हटलं, काका, तक्रार द्या, मी नोटीस काढते. ते म्हणाले, "नोटीस आली का मानूस वकील पाहते. तुम्ही उद्या एक वाजता या."

गेले. काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून शेठजींना बाहेर बोलवत होते. "शेठ, गाडी कुठं लावली?"

"हे काय, समोर."

"बसा बरं तिच्यावर."

शेठजींना वाटलं टायर गेला की काय. ते बसले आणि बसले तसे उठले. आजूबाजूच्या दुकानांतले सगळे हसले. काका हसले नाहीत. शेठजींच्या हाताला धरून त्यांना करंजीखाली नेलं. तिथे कुणा गिऱ्हाइकाची मोटरसायकल होती. "आता हिच्यावर बसा. बसा, त्याले मी सांगतो." शेठजी बसले, आणि आरामात बसून राहिले. मग काका हळूच म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईक बोर्ड वाचून थांबते का गाडी लावाले जागा पाहून थांबते?"

पुढच्या आठवड्यात बोर्ड फांद्यांच्या खाली आला. नोकर अजूनही बादली ओततो म्हणतात, पण साध्या पाण्याची.

आमच्या अभियंता साहेबांशी त्यांचं इतकं सोपं जमलं नाही. फुटपाथाच्या कडेला विटांचा कठडा होता. पावसाचं पाणी रस्त्यावरून वाहत दवाखान्याच्या फाटकाशी गुडघाभर साचायचं, आणि कठड्याच्या आत झाडांची आळी कोरडी. स्ट्रेचर त्या पाण्यातून न्यावं लागायचं. काकांचं म्हणणं एवढंच, की झाडासमोर कठड्याची एकेक वीट काढा. पाणी आळ्यात जाईल, मुरेल.

"डिझाइनमध्ये तसं नाही," साहेब म्हणाले.

"सायेब, डिझाइनमधी पानी हाय का?"

साहेब चिडले आणि काकांना बाहेर जायला सांगितलं. काकांनी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी छन्नीनं एकेक वीट मोकळी केली आणि निघालेल्या सगळ्या विटा नीट रचून पालिकेच्या दारात आणून ठेवल्या, वर अर्ज : 'आपला माल परत.' त्या पावसाळ्यात फाटकाशी पाणी साचलं नाही. आणि पुढच्या रस्त्याच्या नकाशात साहेबांनी स्वतःच कठड्याला खाच दाखवली. कुणाचं नाव नाही, काही नाही. मी काकांना नकाशा दाखवला तेव्हा ते खूश झाले. "बिना नावाचं पत्र बी पोचते कधी कधी."

असं सगळं चांगलं चाललं होतं. गावातल्या कॉलेजच्या पोरापोरींचा एक गट काकांबरोबर काम करायला लागला होता. वर्तमानपत्रात फोटो आला. काका बोलायला लागले की लोक गप्प होऊन ऐकायचे. आणि मला वाटतं, याच काळात काकाही थोडे कमी ऐकायला लागले. हे मला तेव्हा कळलं नाही. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच होते.

दवाखाना रोडला गटाराचं काम निघालं. ठेकेदाराच्या मशीननं एका दिवसात खोल चर खणला, तो लीलाबाईंच्या कडुलिंबाला अगदी लागून. त्या अंगाची मुळं सुरीनं कापावी तशी कापली गेली. काका त्या दिवशी मुलीकडे दारव्ह्याला गेले होते. परत आले तेव्हा चर बुजवून वर काँक्रीट झालं होतं.

महिन्याभरानं अभियंता साहेबांचा शेरा माझ्याकडे आला : 'झाड धोकादायक. तोडण्यात यावे.'

काकांचा संताप मी पहिल्यांदा पाहिला. "मुळं तोडाची तुम्ही, अन् धोकादायक झाड?" साहेबांच्या केबिनबाहेर ते म्हणाले, तेव्हा आमचा अर्धा हॉल त्यांच्याकडे बघत होता आणि बहुतेक सगळे मनातून त्यांच्याच बाजूचे होते. साहेबांनी इतकी झाडं इतक्या कारणांसाठी तोडायला काढली होती की या वेळी ते खरं बोलत असतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोरांनी सह्या गोळा केल्या. काका दोन दिवस झाडाखाली बसून राहिले. लीलाबाईंनी त्यांच्यासाठी पोतं जरा सरकवलं. मी फायलीवर लिहिलं, 'हरकती प्राप्त. पुढील आदेशापर्यंत तोड स्थगित.' मुख्याधिकारी साहेबांची सही झाली. पोरांनी पेढे वाटले. एक मीही खाल्ला.

वर्षभर झाड उभं राहिलं. चैत्रात नवी पालवी आली, मोहर आला. काका मला मुद्दाम घेऊन गेले. "पाहा. धोकादायक मनत होते."

वैशाखातल्या एका दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि वाऱ्याचं वावधन सुटलं. ऑफिसच्या खिडक्या आपटायला लागल्या. दहा मिनिटांत वारा थांबला, आणि फोन आला.

मी पोचले तेव्हा कडुलिंब रस्त्यावर आडवा पडला होता. मुळांचा गड्डा एका बाजूनं उचकटून वर आलेला. गटाराच्या बाजूला मुळंच नव्हती. नुसते कापलेले, वाळलेले, करड्या रंगाचे शेंडे. भगतकाका फांद्यांत घुसले होते, हातांनी ओढत होते. एवढी जाड फांदी एका माणसाला हलणार नाही हे त्यांना कळत नव्हतं. खाली लीलाबाई होत्या. शुद्धीवर होत्या आणि मोठमोठ्यानं शिव्या देत होत्या. त्या शिव्या ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी रडायला लागले.

दहा-बारा माणसांनी फांदी उचलली. पाय दोन ठिकाणी मोडला होता, खुबा निखळला होता. त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं, तिथून यवतमाळला.

गर्दी पांगताना कुणी तरी म्हणालं, "काय काका, वाचवलं ना झाड?" काका मुळांच्या त्या कापलेल्या शेंड्यांकडे बघत उभे होते.

चौकशी लागणार हे उघड होतं. स्थगितीचा शेरा माझ्या अक्षरात होता. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी टपालानं एक अर्ज आला. काका कधी टपालानं अर्ज पाठवत नसत, स्वतः येत. 'तोड थांबवण्याची मागणी माझी होती. झाड माझ्या आग्रहाने ठेवले. कार्यालयाने हरकतीप्रमाणे काम केले, त्यात कर्मचाऱ्यांचा दोष नाही. दे. ना. भगत.' बस, इतकंच. विषयाखाली या वेळी झाडाचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, लीलाबाईंना भेटायला चला. काकू म्हणाल्या, न्या हो यांना, रोज बस स्टँडपर्यंत जातात आणि वापस येतात. आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. सबंध वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि रस्त्याच्या कडेचं एकही झाड त्यांनी मला दाखवलं नाही.

लीलाबाईंचा पाय वजन लावून टांगला होता. काका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"लीलाबाई, माह्यानं चुकलं."

लीलाबाईंनी त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. "चुकलं तं चुकलंच भाऊ. नाही कायले म्हनू? माहा पाय गेला ना कामातून."

काका म्हणाले, "मले वाटत होतं, मले समजते झाडायचं."

"झाडायचं समजते तुले. पन मले इचारलं का कधी?"

"काय?"

"होळीपासून त्या बाजूची माती उचलून राह्यली होती. वारा आला का माह्या पोत्याखालची फरशी डुगडुग करे. मी दिवसभर थितंच बसो ना?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू?" लीलाबाईंचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "तू येये, बुंध्यावर हात फिरवे, वर पाहे, अन् जाये. माह्याकडे पाहून इचारे काय, तं सांबार कसं देलं. पोट्टे येये, झाडासंगं फोटू काढे. मी फोटूत येतो मनून मले सरक म्हने. अन् थो तुहा सायेब, त्यानं तं गाडीची काचही खाली नाही केली. कोनाले सांगू मी?"

काका खाली बसले. खाटेच्या कडेवर नाही, फरशीवर. डोक्याचा दुपट्टा काढून त्यांनी तोंडावर धरला. लीलाबाई भिंतीकडे बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऊठ आता. नर्स ओरडते." आणि मग, "त्या पिशवीत मोसंबी हाये, एक सोलून दे मले."

त्यांनी माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण काकांनी मोसंबी सोलली, फोडींच्या शिरा काढून एकेक फोड दिली, आणि त्यांनी ती खाल्ली.

त्यानंतर दोन महिने ऑफिसात काकांचा पत्ता नव्हता. मग एक दिवस खिडकीशी उभे. अर्ज पुढे केला. विषय : 'झाड तोडण्याबाबत.'

मी पत्ता वाचला. मुलींच्या शाळेच्या फाटकाजवळचा गुलमोहर. काकांनी स्वतः ज्याचं काँक्रीट फोडलं होतं, त्यातलाच एक. पोरांच्या गटाचा सगळ्यात लाडका, फुलला की सगळ्यांचे फोटो त्याच्याचखाली.

"काका, हा?"

"हा. खाली जो ऑटोवाला बसते ना, त्याले इचारलं. तो म्हने, रोज सकाळी सीटवर भुसा पडते. अन् बुंध्यावर बुक्की मारली का ढोल वाजते. मी मारून पाह्यली. वाजते."

बातमी फुटली तशी पोरं धावून आली. माझ्या टेबलापुढेच त्यांनी काकांना घेरलं. एक पोरगी रडत होती. काका, तुम्हीच? ठेकेदारानं काय दिलं तुम्हाला? असंही एक जण म्हणाला. काका ऐकून घेत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "बेटा, सुटीची घंटा झाली का चारशे पोरी त्याच्याखालून जातात. मोजून ये."

गुलमोहर तोडला त्या सकाळी ते तिथे पूर्ण वेळ उभे होते, शाळेच्या मुलींना मागच्या फाटकानं पाठवत. खोड आडवं झालं तेव्हा आतून पोकळ निघालं, माणसाचा हात खांद्यापर्यंत जाईल इतकं. पोरांचा गट रस्त्याच्या पलीकडे उभा होता. काकांनी त्यांना बोलवून ते दाखवावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी दाखवलं नाही. रडणारी ती पोरगी आपली आपण आली, पोकळीत वाकून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काकांबरोबर दिसू लागली. बाकीचे काही आले, काही नाही आले.

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "ताई, तुमच्या फारमात एक रकाना वाढवा."

"कोणता?"

"झाडाखाली कोन बसते. त्याचं नाव. अन् तो काय म्हनते थे. सही येत नसन तं आंगठा."

छापील फॉर्म बदलणं माझ्या हातात नव्हतं. मी प्रत्येक अर्जावर पेनानं रेघ मारून तो रकाना आखू लागले. पंक्चरवाला, चांभार, ऑटोवाले, रसवंतीवाली, दवाखान्याबाहेर दिवसदिवस बसणारे नातेवाईक. झाडाला कुठे चीक सुटला, कुठल्या फांदीवर पाखरं बसायची थांबली, कुठे मुंग्या लागल्या, हे त्यांना किती माहीत असतं याचा मला पत्ता नव्हता. काकांना आधी तरी कुठे होता? आता ते झाडाजवळ गेले की पहिल्यांदा खाली बसलेल्या माणसाशी बोलायचे. वर नंतर बघायचे.

लीलाबाई सात-आठ महिन्यांनी धंद्यावर परत आल्या. मांडी घालून बसता येत नव्हतं. काकांनी फोडून काढलेल्या काँक्रीटचे तुकडे रचून दवाखान्याच्या भिंतीला लागून त्यांच्यासाठी कमरेइतका ओटा केला, वर गोणपाटाचं छत. लीलाबाईंनी ओट्याची उंची दोनदा बदलायला लावली. मग म्हणाल्या, बरा हाय, पन दुपारी छत तापते. काका म्हणाले, हो तापते.

पुढे माझी बदली कळंबला झाली. काका तिथे एकदा चिंतामणीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांबरोबर आले होते. पाहुणे देवळात गेले आणि काका माझ्या ऑफिसात येऊन बसले. फॉर्मात तो रकाना आता छापील आला का, विचारलं. आला नव्हता. मागल्या हिवाळ्यात ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं. काकूंना भेटून आले. त्या म्हणाल्या, आजार काही नव्हता, सकाळी उठलेच नाहीत.

पण त्यांची आठवण आली की मला बदलीचा दिवसच दिसतो. मी कळंबच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. दवाखान्यासमोर बस थांबली, कारण रस्त्यात एक ऑटो आडवा होता. जिथे कडुलिंब पडला होता तिथून थोडं पुढे भगतकाका उन्हात उभे होते. दोन्ही हातांत पिशवीतलं एक रोप, कडुलिंबाचंच. लीलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि काठीनं जागा दाखवत होत्या. काका तिथे गेले. लीलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. काठी गटारापासून आणखी लांब सरकली. काका तिथे गेले, टाच दाबून जमीन पाहिली, आणि त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा नकार. मी खिडकीतून हाक मारली, दोघांपैकी कुणालाच ऐकू गेली नाही. ऑटो हलला, बसनं गिअर टाकला. मी मान वळवून पाहत राहिले. लीलाबाई हनुवटीला हात लावून विचार करत होत्या, आणि काका ते रोप छातीशी धरून, त्या काय म्हणतात त्याची वाट बघत उभे होते.